चार रात्री न झोपलेली पाहुणी

"मला कुठेही नेऊन सोडा, माझं कुणावाचून अडत नाही!" विमानात बसेपर्यंत सिस्टर हे वाक्य निदान चाळीस जणांना ऐकवून आल्या होत्या. सरकारी हॉस्पिटलात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा हेडसिस्टर म्हणून. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी सोसायटीत त्यांना नावानं हाक मारायची कुणाची छाती होत नसे. लग्न त्यांनी केलं नाही. बहीण अकाली गेली, तिचा सहा वर्षांचा मुलगा सिस्टरांच्या क्वार्टरमध्ये आला आणि तिथेच वाढला. तो बारक्या. आता बारक्या बेचाळीस वर्षांचा, नव्वद किलोंचा आणि परदेशात एका कंपनीत मोठा साहेब होता. पण मावशीच्या तोंडी बसलेलं नाव कोण बदलणार?

या बारक्यानं मावशीला दहा दिवसांसाठी बोलावून घेतलं होतं. विमानतळावरून गाडीत बसल्यावर त्यानं हळूच विषय काढला. घरात पाहुण्यांची म्हणून एक खोली आहे, तिच्यात त्यानं सध्या ऑफिस थाटलंय. तेव्हा मावशीसाठी छानसं हॉटेल बघितलंय, घरापासून जेमतेम दहा मिनिटांवर. तिलाही मोकळं वाटेल. सिस्टर म्हणाल्या, उत्तम, माझं काय, मला कुठेही सोडा. वाक्य तेच होतं, पण या खेपेला ते म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

सोबत आलेल्या भाचेसुनेनं हॉटेलवरून निघताना एक ताकीद दिली. खोली साफ करायला रोज बाई येईल, तिच्यासाठी सकाळी उशीवर एक नोट ठेवायची. इथे तशी पद्धत आहे, विसरलं तर वाईट दिसतं.

आता विसरणं आणि सिस्टर यांचं जन्माचं वैर. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्या उठल्या, अंघोळ केली आणि पदर खोचून कामाला लागल्या. कामवाली येणार म्हटल्यावर आधी घर आवरायला नको? पसारा बघून ती काय म्हणेल? कामवाली यायच्या आत घर झाडून ठेवणाऱ्या बायका जगात पुष्कळ आहेत, पण सिस्टर म्हणजे त्यांच्यातल्या हेडसिस्टर. त्यांनी बाथरूम पुसून खडखडीत कोरडं केलं. आरशावरचे शिंतोडे पुसले. टॉवेल वाळवून, पहिल्यांदा होते तशाच घडीत दांडीवर ठेवले. मग त्या पलंगाकडे वळल्या. चादरीवरची सुरकुती म्हणजे रोग्याच्या पाठीवरची जखम, हे त्यांनी शेकडो पोरींना डोळे वटारून शिकवलं होतं. चादर ताणली, कोपरे दुमडले, गादीखाली खोचले, उशी थोपटून फुगवली आणि तिच्यावर नोट ठेवली. मग इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसल्या, कारण अकरा वाजता बारक्या त्यांना फिरायला न्यायला येणार होता.

बरोबर दहाला दार वाजलं. दारात पन्नाशीची एक बाई, अंगात निळा डगला, पाठीमागे चादरी-टॉवेलांची ढकलगाडी. तिनं पलंग बघितला, बाथरूम बघितलं, नटूनथटून बसलेल्या सिस्टर बघितल्या आणि ती गोंधळून उभी राहिली. "बसा ना," सिस्टर चक्क मराठीत म्हणाल्या. ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. एकीचं अक्षर दुसरीला कळत नव्हतं, पण त्यामुळे दोघींच्या बोलण्यात खंड पडला नाही. बाईचं मनगट सुजलं होतं. सिस्टरनी बॅगेतून पट्टी काढली आणि ती नको नको करत असताना बांधूनसुद्धा दिली. मग बाई निघून गेली. नोट मात्र उशीवर तशीच राहिली.

अकराला बारक्याचा फोन आला की मीटिंग लांबलीय, उद्या नक्की. सिस्टर म्हणाल्या, तू तुझं काम कर रे, मी मजेत आहे.

मजा अशी होती. दुपारी त्या दोन चौक चालून यायच्या आणि रस्ता चुकायच्या भीतीनं तिसऱ्या चौकाच्या अलीकडूनच परतायच्या. जेवायच्या हॉलमध्ये दोन खुर्च्यांचं टेबल मिळायचं आणि वेटर आल्या आल्या समोरची ताटली उचलून न्यायचा. संध्याकाळी त्या खिडकीत बसून सिग्नल लाल-हिरवा होताना बघायच्या. घरीही त्या एकट्याच राहत. पण तिथे दिवसातून दहादा बेल वाजे. कुणाला बीपी बघून हवं असे, कुणाच्या नातवानं नाकात वाटाणा घातलेला असे. इथे चोवीस तासांत दार वाजायचं ते एकदाच, सकाळी दहाला. पाच वाजल्यापासून त्या कशाची वाट बघतात, ते त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

त्यात ती नोट! पहिल्या दिवशी बाईनं तिला हात लावला नाही. सिस्टरना वाटलं, कमी पडली असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन ठेवल्या. बाई दोन पावलं मागे सरली. तिसऱ्या दिवशी तीन ठेवल्या, तर तिनं पाच मिनिटांचं बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. ही रागावून उद्यापासून यायचीच बंद झाली तर? चौथ्या दिवशी सिस्टरनी मन मोठं केलं आणि पाच नोटा पंख्यासारख्या मांडल्या. त्या बघून बाई आल्या पावली परतली, ती थेट तळघरात सुपरवायझरकडे.

तिथे वेगळाच हिशेब मांडला जात होता. रोज कुठल्या खोलीत कोण झोपलं, याची नोंद ठेवायची तिथे शिस्त होती. सिस्टरांच्या खोलीपुढे चार दिवस एकच शेरा होता: पलंग वापरलेला नाही. टॉवेलची घडी मोडलेली नाही, बाथरूम कोरडं, टोपलीत कचरा नाही, आणि सकाळी दहाला पाहुणी बाहेरून आल्यासारखी सजून बसलेली. वर उशीवर पैसे, तेही रोज चढत्या भावानं! सुपरवायझरनं या धंद्यात वीस वर्षं काढली होती. न वापरलेल्या पलंगावर वाढत जाणारे पैसे कशाचे असतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं बुकिंग ज्याच्या नावावर होतं त्याला फोन लावला. तुमच्या पाहुण्या चार रात्री खोलीत झोपलेल्या नाहीत, आणि ही गोष्ट लपवण्यासाठी आमच्या बाईला पैसे देताहेत.

बारक्या मीटिंगमधून असा उठला की खुर्ची मागे कलंडली. कालच फोनवर मावशी म्हणाली होती, झोप छान लागते. म्हणजे मावशी खोटं बोलते! अडुसष्टाव्या वर्षी! बायकोला फोन केला तर तिनं आगीत तेल ओतलं. हॉटेलच्या मागच्या गल्लीत म्हणे जुगाराचा अड्डा आहे. चार दिवस ज्या रस्त्यासाठी बारक्याला वेळ सापडत नव्हता, तो त्यानं सहा मिनिटांत कापला.

खोलीत सुपरवायझर उभा होता, निळ्या डगल्यातली बाई रडकुंडीला आली होती आणि मध्ये सिस्टर, पर्स मांडीवर घेऊन.

"मावशी, तू रात्री कुठे असतेस?"

"इथेच. कुठे जाणार?"

"मग हा पलंग?"

सिस्टरना प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर मात्र त्यांच्यातली हेडसिस्टर जागी झाली. त्या उठल्या आणि चादर, पांघरूण, उशा सगळं खसकन ओढून जमिनीवर टाकलं. सुपरवायझर दचकून मागे झाला. मग त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवून सगळं पुन्हा घातलं. कोपरे असे बसले की सुपरवायझरनं वाकून बोट फिरवून बघितलं. सव्वादोन मिनिटं. तो बारक्याच्या कानात काहीतरी पुटपुटला. या बाई नोकरी करतील का, असं तो विचारत होता.

"अगं, पण तू का आवरायचीस?" बारक्या डोकं धरून म्हणाला. "आणि सगळं तूच करत होतीस, तर हिला पैसे कशाचे?"

"दार वाजवते त्याचे."

"म्हणजे?"

"रोज दहाला ही येऊन दार वाजवते. दिवसात तेवढंच वाजतं. सांग तिला."

बारक्या बाईच्या भाषेत दोनच शब्द बोलला. मोठ्या डॉक्टरांनी रोग्याला सांगायचं टाळलेलं सिस्टरनी जन्मभर ओळखलं होतं. "सगळं सांग," त्या म्हणाल्या. मग त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. बाईनं डोळे पुसले. पाचांतली एक नोट तिनं खिशात घातली, उरलेल्या चार सिस्टरांच्या हातात ठेवल्या आणि पट्टीच्या हातानं त्यांचा गाल कुरवाळला.

त्या दिवशी बारक्या फार वेळ बसू शकला नाही, मीटिंग अर्धवट राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दहाला दार वाजलं. सिस्टरनी उघडलं तर दारात बारक्या. मीटिंगला जाता जाता आलोय, म्हणाला, पाच मिनिटं आहेत. सिस्टर आत गेल्या, पर्समधून एक नोट काढून आणली आणि त्याच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली.

"मावशी, हे काय?"

"असू दे. इथे दिले नाहीत, तर माणसं पुन्हा येत नाहीत म्हणे."