अक्काचं प्लॅस्टर आणि पाच तारे

आमच्या भिंतीवरचा एसी बंद पडला तेव्हा अक्काचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. अक्का माझी थोरली बहीण. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली थंड ठेवा. प्लॅस्टरच्या आत घाम साचला तर कातडी सोलवटेल आणि प्लॅस्टर मध्येच कापावं लागेल. हाड नुकतं कुठे सांधत होतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. अशा वेळी एसी ही आमच्या घरातली चैन राहिली नव्हती, ते औषध झालं होतं.

रिमोट दाबला तरी बीप वाजेना, दिवा लागेना. पुढची झडप अर्धवट उघडी राहिली होती, जांभई मध्येच अडकावी तशी. मी कंपनीत तक्रार नोंदवली आणि मेकॅनिक आला. माणूस अदबीचा. त्याने शिडी लावली, झाकण काढलं आणि आतला हिरवा बोर्ड आम्हाला दाखवला. त्यावर एक पाल आडवी पडून कोळसा झाली होती. तो म्हणाला, हा मशीनचा मेंदू. तो जळाला, बाकी सगळं ठणठणीत आहे. नवा बसवला की चालू होईल, पण नवा कंपनीकडूनच यावा लागतो.

मग त्याने हात पुसले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. आजच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, असं त्यावर विचारलं होतं.

"पाच स्टार द्या, काका. चार दिले तरी वर बोलावून घेतात."

मी म्हटलं, एसी तर बंदच आहे. त्यावर त्याचं म्हणणं असं, की आजचं काम तपासणीचं होतं आणि तपासणी पूर्ण झाली. मुद्दा बिनतोड होता. मी पाच तारे दिले.

पुढच्या खेपेला तो रिकाम्या हातांनी आला. मागच्या वेळी सापडलेला बिघाड अजून तिथेच आहे का, हे बघायला कंपनीने त्याला पाठवलं होतं. बिघाड जागचा हलला नव्हता. पाच तारे. त्यानंतर एकदा तो खरोखरच बोर्ड घेऊन आला, पण त्याच्या वायरींची टोकं आमच्या मशीनला बसेनात. तो दुसऱ्याच मॉडेलचा होता. मेकॅनिक इतका ओशाळला, की पाच तारे देऊन मलाच त्याची समजूत काढावी लागली.

मग कंपनीतून एका गोड आवाजाच्या बाईंचा फोन आला. आमची तक्रार बंद करण्यात आली होती. बोर्डांचा साठा मर्यादित असल्याने ते असमाधानी ग्राहकांना आधी मिळतात, आणि आम्ही तर सातत्याने पूर्ण समाधानी होतो. मी म्हटलं, अहो, एसी बंद आहे. त्या म्हणाल्या, हो, तेही दिसतंय इथे. बंद एसीतही आपण समाधानी आहात, याचं आम्हाला विशेष कौतुक वाटतं.

तक्रार पुन्हा उघडायला एकच वाट होती, मेकॅनिकला एक तारा देण्याची. मी त्याला बोलावून विचारलं. त्याचा चेहरा पडला. एक तारा मिळाला की गोडाऊनला बदली, आणि दिवसभर मशीनं उचलायची. त्याची कंबर आधीच धरलेली होती.

अक्का विणायची सुई प्लॅस्टरमध्ये घालून पाय खाजवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "एक स्टार द्यायचा नाही. कुणाच्या पोटावर पाय आणायचा तर आपले दोन्ही पाय आधी धड हवेत."

विषय संपला. मी ओली चादर खिडकीला बांधली आणि वर्तमानपत्राने वारा घालत बसलो. डॉक्टर येऊन गेले, प्लॅस्टरच्या कडेशी लाल झालेली कातडी बघून त्यांनी मान हलवली. आणखी थोडे दिवस असंच चाललं तर कापावं लागेल म्हणाले.

अशात कंपनीचे साहेब स्वतः आले. आमच्या विभागात आमच्या घराइतकं समाधान कुठेच नव्हतं. जाहिरातीसाठी आदर्श ग्राहकाचा फोटो हवा होता. त्यांनी अक्काला एसीखाली बसवलं आणि गारवा दिसावा म्हणून तिच्या अंगावर शाल पांघरली. अक्काच्या कपाळावरून घाम ओघळत होता. साहेब तो दर वेळी रुमालाने टिपून घेत. एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की एसीवरचा आकडा उजळत नाही. फोटोत ते वाईट दिसलं असतं. त्यांनी एक फोन केला. सबंध उन्हाळा न आलेला बोर्ड मी दिलेला चहा निवायच्या आत आला, आणि पाठोपाठ मेकॅनिकही.

त्याने जुन्या बोर्डाच्या वायरी एकेक करून नव्यात खोचल्या, स्क्रू आवळले. बीप वाजली. झडप पुरती उघडली. अक्काने डोळे मिटले आणि तिच्या तोंडावर जे उमटलं, ते साहेबांनी टिपलं.

मग त्यांनी मेकॅनिकला बोर्ड काढायला सांगितलं. तक्रार बंद झाल्यामुळे तो आमच्या नावाचा नव्हता, जाहिरात खात्याचा होता. मेकॅनिक शिडीवर तसाच उभा राहिला. साहेबांनी सवयीने मोबाइल अक्कापुढे धरला. आजच्या फोटोबद्दल आपण किती समाधानी आहात?

अक्काने मोबाइल हातात घेतला. पहिल्या ताऱ्याच्या अगदी जवळ बोट नेलं.

"साहेब, बोर्ड वर राहिला तर पाच. खाली आला तर एक."

"असं नियमात बसत नाही, आजी."

"नियम तुमचाच आहे. मी नुसतं बोट धरलंय."

साहेबांनी शिडीकडे बघून हळूच विचारलं, एक स्टार आला तर मलाही...? मेकॅनिक तितक्याच हळू म्हणाला, "गोडाऊन, साहेब. तिथे सगळे सारखेच."

कागदोपत्री तो बोर्ड जाहिरातीच्या कामात गहाळ झाला. अक्काचं प्लॅस्टर वेळेवर निघालं, पाय सरळ आहे.

तिचा फोटो आता दुकानांत लागला आहे. शाल पांघरून डोळे मिटलेली बाई, खाली पाच तारे. एसी घ्यायला जाल तेव्हा तुम्ही तिच्यासमोर थांबाल आणि बहुतेक तोच घ्याल. तारे खोटे नाहीत, आम्हीच दिलेत. तुमच्याही दारात काल-परवा कुणीतरी अजिजीने मोबाइल पुढे केला असेल आणि तुम्हीही देऊन मोकळे झाला असाल.

आता ही गोष्ट कशी वाटली, असं कुणी विचारलंच, तर तेवढं बघा. चार दिलेत तर मला कुठे पाठवतील, सांगता येत नाही.