आमच्या जीपमागचं पाणी

माझ्या मुलानं फोनवर सांगितलं, "बाबा, इवेलिनाच्या बॉलसाठी भाड्यानं गाडी ठरवतोय," आणि मी म्हणालो, "नको." बास. एवढा एकच शब्द बोललो मी. बाकी सगळं आपोआप घडत गेलं, माझा त्यात काडीचाही दोष नाही. (हे मी सहा महिने गिंकाला सांगतोय. गिंका म्हणजे माझी बायको. तिला अजून पटलेलं नाही.)

बारावीचा बॉल, म्हणजे शाळा संपल्याची नाचगाण्याची मेजवानी, आमच्याकडे अर्धं लग्नच. पोरगी नटूनथटून दारातून निघते, अख्खी बिल्डिंग खाली उतरते, अकॉर्डियनवाला येतो, बायका डोळे पुसतात, आणि पुसून झाले की सगळे एकच गोष्ट बघतात: पोरगी कुठल्या गाडीत बसली. पुढं तिला नवरा कसला मिळाला हे लोक विसरतील, गाडी विसरणार नाहीत. म्हणून मी ठणकावून सांगितलं, "पेन्को आजोबा जिवंत असताना माझी नात भाड्याच्या गाडीत? संध्याकाळी सहाला बुर्गासला तुझ्या दारात गाडी हजर. दुसरी ठरवायची नाही."

"बाबा, तुमच्याकडे गाडी कुठंय?"

"असेल."

आणि झाली. गाब्रोवोच्या एका दातांच्या डॉक्टरकडून मी काळी जीप घेतली. (चाकांवर उंच बसलेल्या कुठल्याही गाडीला आम्ही जीपच म्हणतो.) एकोणीस वर्षांची, जर्मन, आतून सगळं चामडं, छताला काच, आणि बटणं एवढी की विमानवाल्यानं लाजावं. एक बटण दाबलं की गाडी वीतभर उठते, दुसरं दाबलं की म्हशीसारखी खाली बसते. आत एक बाई जर्मनमध्ये बोलते. मला जर्मन येत नाही, पण चव्वेचाळीस वर्षं संसार केलाय. बाई कुठल्याही भाषेत बोलली तरी ती तक्रारच करतेय हे मला सुरावरून कळतं. डॉक्टर किल्ली हातात देताना रडला. मला वाटलं, विरहानं.

दोनच बारीक गोष्टी होत्या. गिंकाच्या सीटखाली शेगडी होती आणि ती बंद होत नव्हती. ("पेन्को, मला भाजतंय." "याला श्रीमंती म्हणतात. सवय होईल.") आणि दुसरं म्हणजे समोर एक तांबडा दिवा मधूनच लागायचा. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही मागच्या बाकावर, पण एवढी अक्कल मला आहे की दिसत नाही तो दिवा त्रास देत नाही. गिंकानं प्रवासासाठी संत निकोलाचं कागदी चित्र आणलं होतं. ते मी बरोब्बर त्या दिव्यावर चिकटवलं. एका दगडात दोन पक्षी.

बॉलच्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा शेजारच्या मिता म्हातारीनं तांब्याच्या लोटीतून जीपमागे पाणी ओतलं. लोटीत फुलाची डहाळी, सगळं रीतसर. वाट पाण्यासारखी सरळ वाहावी म्हणून कोणीही निघालं की आम्ही मागे पाणी ओततो. न ओतणारा माणूस आमच्याकडे दुष्ट समजला जातो.

तासाभरानं एलेना गावात गिंकाची बहीण स्तांका हिच्याकडे थांबलो. ती आणि तिचा नवरा वल्को, म्हणजे माझा साडू, तेही बॉलला येणार होते. वल्कोकडे मोहरीच्या रंगाची एक जुनी रशियन गाडी आहे. तिला तो पेना म्हणतो. रोज संध्याकाळी पुसतो. स्तांकाला इतक्या मायेनं कधी पुसलं असेल असं वाटत नाही.

वल्कोनं जीपभोवती एक फेरी मारली. "रणगाडा कुठून पळवलास रे?"

"जळ, जळ! तुझी पेना मागे बांधून नेऊ का? नाहीतर बॉल होईल, लग्न होईल, बारसं होईल, आणि मग तू पोचशील."

"सावकाश का होईना, पोचेन," वल्को म्हणाला. वल्को असाच आहे. त्याच्यावर विनोद केला की भिंतीवर चेंडू मारल्यासारखं वाटतं, पण चेंडू परत येत नाही.

आम्ही गाडीत बसणार, तेवढ्यात गिंका खाली वाकली. "पेन्को, जीपखाली थारोळं साचलंय."

"तुझ्या बहिणीनं पाणी ओतलं असेल."

"ती अजून घरात लोटी शोधतेय."

"मग मिताचं असेल. चाकांना लागून आलं."

स्तांकाला लोटी सापडली नाही, म्हणून तिनं बादलीच ओतली. आता सगळंच ओलं झालं आणि गिंकाचा मुद्दा त्यात वाहून गेला. मी हॉर्न वाजवला आणि पेनाला मागे टाकून निघालो.

स्लिवेनच्या बाहेर एका टपरीवर आम्ही भाजलेले कबाब खाल्ले. येऊन बघतो तर जीपखाली पुन्हा पाणी!

"इथं कोणी ओतलं?" गिंकानं विचारलं.

"त्या वाढणाऱ्या मुलीनं. मी तिच्या कबाबांची तारीफ केली ना."

"पाणी हिरवं आहे, पेन्को."

"डहाळी घातली असेल त्यात."

गिंका काही बोलली नाही. (ती बोलत नाही तेव्हा मी जिंकलो असं समजतो. आजवर एकदाही ते बरोबर निघालेलं नाही.) पुढं कार्नोबात गाव मागे पडलं आणि ती म्हणाली, "पेन्को, संत लाल झालेत."

बघतो तर खरंच! संत निकोलाच्या दाढीमागून तांबडा उजेड फाकला होता.

"लाजलेत ते. तू सारखी त्यांच्याकडे बघतेस."

जर्मन बाई ओरडायला लागली. मी तिला म्हटलं, "हो गं बाई, आलोच." आयतोसच्या अलीकडे बॉनेटमधून वाफेचा लोट उठला, जीप दोनदा शिंकली आणि रस्त्याकडेला थांबली. मग सुस्कारा सोडून चारही गुडघ्यांवर खाली बसली. मी तर बटणही दाबलं नव्हतं. चार वाजत आले होते. बुर्गास अजून तीस किलोमीटर. आणि दुसरी गाडी ठरवायची नाही, हे मीच सांगितलेलं.

पण मी काही घाबरलो नाही. पेना मागून येतच होती. मी बॉनेट उघडलं आणि रस्त्यात उभा राहून दोन्ही हात हलवायला लागलो. पेना आली. वल्कोनं मला पाहिलं, गोड हसला, हात हलवला आणि निघून गेला.

आता हे सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी मी मुलाची गाडी घेऊन असाच बॉनेट उघडून याच साडूला हात केला होता. तो थांबला, कोट काढला, बाह्या सरसावल्या, हत्यारांची पेटी घेऊन धावत आला, आणि मी बॉनेट आपटून पसार झालो. महिनाभर हसत होतो. त्या महिन्याचा हिशेब आज चुकता होत होता.

गिंकानं बहिणीला फोन लावला. "स्तांके, या वेळी खरंच बंद पडलीय."

"वल्को म्हणतो, त्याचं फसायचं वय गेलं."

"आईची शपथ!"

फोनमध्ये कुजबूज झाली. "वल्को विचारतोय, कुणाच्या आईची?"

"माझ्या. म्हणजे तुझ्यासुद्धा, मूर्खे!"

पेना परत आली. वल्को उतरला, वाफेकडे बघत उभा राहिला. "या वेळी मेहनत घेतलीस. वाफ कशी केलीस?" मग त्यानं गाडीत डोकावून संत निकोलाचा कागद सोलला. आतला तांबडा दिवा आमच्याकडे टक लावून बघत होता.

"पाणी कधीपासून गळतंय?"

"लोकांचं आमच्यावर प्रेम जडल्यापासून," गिंका म्हणाली.

वल्कोनं पेनाच्या डिकीतून दोर काढला, पण लगेच बांधला नाही. "आधी तिला सांग."

"कुणाला? काय?"

"पेनाला. म्हणावं, पेनाबाई, माफ करा."

मी घड्याळ बघितलं. "पेनाबाई, माफ करा."

"तिला कमी ऐकू येतं."

मी ओरडलो. शेतातल्या दोन गाई माना वर करून बघायला लागल्या.

गिंका म्हणाली, मी त्या तव्यावर पुन्हा बसणार नाही, आणि पेनात जाऊन बसली. पेनाच्या मागच्या सीटवर स्तांकानं मेजवानीसाठी भाजलेलं आख्खं कोकरू होतं, भल्या थोरल्या परातीत. ते तिथून उचलून गिंकाच्या जागी, माझ्या शेजारी ठेवलं. अशी आमची वरात निघाली: पुढं पेना, मागं लोळण घेतलेली जीप, जीपमध्ये मी आणि कोकरू. आमच्यात कोकरू जास्त समाधानी दिसत होतं.

सहाला पाच कमी असताना आम्ही दारात पोचलो. बिल्डिंगखाली शंभरेक माणसं होती. दोर बघून अकॉर्डियनवाल्याचा सूर मध्येच विरला. माझ्या मुलानं आधी दोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. पायरीवर इवेलिना उभी होती, निळा झगा, गवताच्या गंजीएवढा घेर. पेनाच्या दारातून त्या झग्याची एक बाहीच काय ती आत गेली असती. आयुष्यात पहिल्यांदा मला थट्टा सुचेना.

"आजोबा," ती म्हणाली, "काळी जीप आणतो म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो, बाळा."

"मग आणलीत की. दार उघडा."

"पण ती चालत नाही गं."

"मला कुठं चालवायचीय? मला बसायचंय!"

सुनेनं पायरीवर पाण्याची लोटी ठेवली. इवेलिनानं रीतीप्रमाणे ती चपलेच्या टोकानं उडवली आणि पाणी वाहत वाहत जीपखाली गेलं.

"हे बघ, पेन्को," गिंका म्हणाली, "ओतलेलं पाणी असं दिसतं."

इवेलिना जीपमध्ये बसली आणि पेना आम्हाला ओढत बॉलच्या हॉटेलकडे निघाली. शेवटच्या चढावर मात्र ती हटून बसली. एवढं ओझं तिनं जन्मात ओढलं नव्हतं. वल्को खाली उतरून तिच्या कानाशी काहीतरी बोलला, तरी ती हलेना. तेव्हा वर उभी असलेली सुटाबुटातली पोरं धावत खाली आली आणि जीपला मागून खांदा लावला. बॉलच्या दिवशी आमच्या गावागावांत बारावीची पोरं एकपासून बारापर्यंत गर्जना करत फिरतात. तशीच त्यांनी सुरुवात केली. "एक!" जीप हलली. "दोन!" पेना जागी झाली. "पाच! सहा!" अख्खा चढ ओरडायला लागला. आणि "बारा!"च्या आरोळीला माझी नात हॉटेलच्या दारात होती. भाड्यानं आणलेल्या झाडून सगळ्या लांबलचक गाड्यांकडे पाठ करून लोक आमच्यासाठी टाळ्या वाजवत होते. मी ऐटीत उतरलो आणि डोक्यावरची टोपी काढून वाकलो. मला सगळं आधीच माहीत होतं असा चेहरा केला.

मुलाच्या घरी परतलो तेव्हा जीपमधल्या त्या शेगडीवर कोकरू अजून वाफाळत होतं. पाहुणे बोटं चाटत राहिले.

आता पुढच्या मे महिन्यासाठी तीन घरांतून फोन आलेत. त्यांना पेना हवी आहे. वल्को, साडू असला तरी, माझ्याशी तोऱ्यात बोलतो. मी तिसऱ्या गृहस्थाला हळूच विचारलं, "आणि काळी जीप? तीही लागेल ना?"

त्यानं फोन बाजूला धरून बायकोला विचारलं, आणि परत येऊन म्हणाला, "हो हो, आणा की! कोकरू कशात गरम ठेवणार?"