शून्य ऐंशी

पेणमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आजाऱ्यांचं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या मिरियमबाई रोहेकरांनी १९९९च्या जूनचा अहवाल टाइप करून वरच्या ऑफिसला धाडला. चौथ्या दिवशी दारात जीप येऊन उभी राहिली. तिच्यातून एक साहेब, तोंडाला फडकी बांधलेले चार फवारणीवाले आणि पावडरीचे सहा डबे उतरले.

"साथ कुठाय?" साहेबांनी विचारलं.

हेडक्लार्क कमळाकर चहाची बशी तोंडाशी धरून तसेच राहिले. "कसली साथ?"

"टायफस! उवांमुळे पसरणारा ताप! एका महिन्यात एकोणीस रुग्ण, आणि तुम्ही चहा पिताय?"

कमळाकरांनी बशीसकट मिरियमबाईंकडे हात केला. "नवीन पुस्तक यांचं, साहेब. मी आधीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. जगातल्या प्रत्येक आजाराला एक नंबर असतो आणि अहवालात तोच लिहायचा असतो, आणि त्या नंबरांच्या नव्या, दहाव्या पुस्तकात नंबराआधी इंग्रजी अक्षर लागतं, हे मिरियमबाई मुंबईला तीन दिवस शिकून आल्या, तेव्हा कमळाकर म्हणाले होते, "इतकी वर्षं माणसं नुसत्या आकड्यांत आजारी पडत होती. आता अक्षरं कशाला?" पण बाईंनी रोह्याच्या एसटीत बसून रोज वीस-वीस नंबर पाठ केले. ओठ हलताना बघून शेजारच्या बायका त्यांना पोथीवाल्या समजत आणि खिडकी देत.

आता त्याच बाई साहेबांच्या मागोमाग वॉर्डात धावल्या. कारण साहेबांनी फर्मान सोडलं, "बाळंतिणींपासूनच सुरुवात करा. केस कापा, पावडर मारा, पोरं वेगळ्या खोलीत न्या."

पहिल्याच खाटेवर गडब गावची पुतळी होती, चार दिवसांची बाळंतीण. तिने पोराला छातीशी घट्ट धरलं आणि रडायलाच लागली. तिची सासू काशीबाई मात्र कमरेला पदर खोचून उभी राहिली.

"माझ्या सुनेच्या डोक्यात ऊ हाय? दाव मना! एक दाव, नायतर तुझ्याच डोक्यात शोधते!"

साहेबांनी नकळत टोपी दाबून धरली.

मिरियमबाई धावत रेकॉर्डच्या खोलीत गेल्या. नवं पुस्तक उघडलं. ओ ऐंशी: साधं, सुखरूप बाळंतपण. त्यांनी लिहिलं होतं ते बरोबर होतं! मग जुनं पुस्तक काढलं. त्यात शून्य ऐंशी: टायफस. त्यांची नजर टाइपरायटरवर गेली. त्याचं शून्याचं बटण तीन वर्षांपूर्वी मोडलं होतं आणि "शून्याच्या जागी ओ मारा, दिसतं सारखंच," हा तोडगा कमळाकरांचाच. तीन वर्षं ‘ओ’ हे अक्षर शून्य म्हणून वाचायची वरच्या ऑफिसला सवय लागली होती.

बाई दोन्ही पुस्तकं काखेत मारून वॉर्डात परतल्या.

"साहेब, ते शून्य नाय, ओ हाय. बाळंतपणं झाली ती."

"बाई, आमच्या पुस्तकात ओ नाही!"

"तुमचं पुस्तक जुनं हाय."

"पुस्तक कोणतंही असो, मला साथ आवरायची आहे. कात्री आणा रे!"

मिरियमबाई खाटेच्या आड उभ्या राहिल्या. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी साहेबाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"कात्री थांबवा. आधी तुमच्या हातातला अहवाल मोठ्याने वाचा. दाखल किती?"

"एकोणीस."

"मेले किती?"

"कोणी नाही."

"घरी गेले किती?"

"अडतीस." साहेब थबकले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "अडतीस?"

"एक माणूस आत येतं नि दोन बाहेर जातात. असा कुठला ताप हाय, साहेब?"

वॉर्डभर हशा उसळला. फवारणीवाल्यांनी फडकी सोडली, कारण ती बांधून हसता येईना. काशीबाईंनी पुतळीच्या कुशीतून नातू उचलला आणि थेट साहेबांच्या हातात दिला.

"धर. हा बघ तुझा टायफस!"

टायफसने साहेबांकडे पाहिलं आणि त्यांचा शर्ट ओला केला.

महिन्याभरात वरच्या ऑफिसचं पत्र आलं: सर्व कर्मचाऱ्यांसाठी नव्या पुस्तकाचा वर्ग, शिकवणार श्रीमती मिरियम रोहेकर. बाई इस्त्रीची साडी नेसून गेल्या. फळ्यावर एक भलामोठा ओ काढून त्या वळल्या आणि हजेरी घेऊ लागल्या.

पहिलंच नाव साहेबांचं होतं. ते पहिल्या बाकावरून उठून उभे राहिले.

"हजर, बाई."