हणमंतरावांची खिंड

हणमंतरावांच्या लहानपणची खिंड दर वर्षी थोडी थोडी उंच होत चालली होती. नोकरीत असताना ती घरापासून अर्ध्या कोसावर होती. निवृत्त होऊन लातुरात बसल्यापासून ती दोन कोस लांब गेली आणि वाटेत एक लांडगाही आला. "सहा वर्षांचा होतो. एकटा चढायचो शाळेला, अनवाणी!" भाजी खारट झाली तरी हे निघायचंच. घरचे कंटाळले होते. मन लावून ऐकायची ती एकटी नात, सृष्टी. तिच्या डोळ्यांतलं कौतुक हणमंतरावांना चहापेक्षा प्यारं होतं.

घोळ तिनेच घातला. शाळेसाठी आजोबांच्या बालपणावर व्हिडिओ करायचा होता. "खिंडीतच करू!" तिने हट्ट धरला आणि दिवाळीच्या सुट्टीत दोघं आजोबांच्या गावी, कंधारजवळच्या वाडीवर आली. आता शाळेपर्यंत डांबरी रस्ता झाला होता, ऑटोही जात होता. पण नातीदेखत ऑटोत बसायचं कसं? हणमंतरावांनी जुनी पायवाट धरली.

पन्नास पावलांत दम लागला. तो लपवायला त्यांनी झाडांची माहिती दिली. पुढे मुरमावरून पाय घसरला. ते लपवायला त्यांनी बसकण मारली, ती नेमकी बोराटीत. उठावं तर पँट फाटते, बसावं तर काटे रुततात.

"असाच बसायचो मी, अभ्यासाला," ते मोबाइलकडे बघत म्हणाले. सृष्टीने चित्रण चालू ठेवूनच खालच्या शेताकडे हाक मारली.

हाकेला धोंडाबाई आल्या. हणमंतरावांच्या थोरल्या बहीण, वय त्र्याहत्तर. भराभर चढून त्यांनी विळ्याने बोराटी तोडली आणि भावाला बखोटीला धरून उभं केलं.

"आजून हितंच बसायलास का रं?" त्या हसल्या. "तवा बी हितंच फतकल मारायचास. उचल म्हनायचास."

"आक्काआजी, आजोबा एकटे जायचे ना?" सृष्टीने विचारलं.

"एकटा? ह्यो? दोन सालं पाठीवर नेलाय मी ह्याला."

"काप ते," हणमंतराव पुटपुटले.

"मग तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?"

"मी? दारापत्तर," धोंडाबाई सहज म्हणाल्या. "ह्याला आत बसवायचं आन् शाळा सुटस्तोर भाईर शेळ्या राखायच्या. मास्तर म्हनले, पोरीला बी बसवा की. आबा म्हनले, मंग शेळ्या कोन राखील?"

काटे उपटणारे हणमंतरावांचे हात थांबले. चाळीस वर्षं ते ही गोष्ट सांगत होते आणि एवढ्या वर्षांत आक्का त्या वाटेवर एकदाही आली नव्हती. लांडगा आला होता. त्यांना मनापासून लाज वाटली.

"काप म्हटलं ना," ते म्हणाले.

सृष्टी हिरमुसली. "आक्काआजीचं?"

"न्हाई. माझं. समदंच काप." त्यांनी फोन घेऊन बहिणीसमोर धरला. "आक्का, तू सांग."

धोंडाबाईंनी पदर सारखा केला. जरा विचार केला.

"लिवून घे बाय," त्या सृष्टीला म्हणाल्या. "पैलं हे लिव. ह्यो लई जड व्हता."