आधी मोरी, मग पलंग

कुणाच्याही घरी गेले की शिवराजआप्पा आधी मोरी बघतात. चहा नंतर, पाणी नंतर, खुर्ची नंतर. चप्पल काढता काढताच विचारतात, ‘मोरी कुठंय?’ आणि घरातल्या माणसाने बोट दाखवायच्या आत तिकडे निघालेले असतात. आत जाऊन नळ सोडून बघतात, कडी लावून बघतात, पायरी किती उंच आहे ते बघतात. मग बाहेर येऊन खुर्चीत बसतात आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असा निकाल देतात. ‘उजेड बरा हाय. कडी पक्की हाय. सैपाकघराच्या मागं, डाव्या हाताला दुसरं दार.’

हा निकाल ते घरमालकाला सांगतात, असं आम्हा सगळ्यांना कित्येक वर्षं वाटत होतं.

लोहाऱ्यात त्यांचं पाइप, नळ आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. आता ते मुलगा बघतो, म्हणजे मुलगा गल्ल्यावर बसतो आणि आप्पा समोरच्या बाकावर बसून त्याच्या चुका काढतात. आमच्या दोन घरांची भिंत एकच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि मला याद्या केल्याशिवाय चैन पडत नाही. किराणा, दुरुस्त्या, आहेर, औषधं, प्रत्येकाची यादी वेगळी. आप्पांना त्याचं हसू येतं. ‘बाई, तुमी कागद बघता. म्या उतार बघतो,’ असं ते म्हणतात.

उतार हा त्यांचा लाडका शब्द. पाण्याला उतार लागतो, तसा माणसालाही लागतो, असं त्यांचं मत. कमी बोलणाऱ्या एका जावयाबद्दल ते म्हणाले होते, ‘पोरगा गुणाचा हाय, पण उतारच न्हाय. समदं आत तुंबून बसलंय.’ आणि एका पुढाऱ्याचं भाषण ऐकून आल्यावर एवढंच म्हणाले, ‘नळ चालू, टाकी रिकामी.’

एकदा त्यांच्या पुतण्याच्या लग्नानंतर सगळं वऱ्हाड तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलं. मीही होते. आप्पांनी तीन लॉज नापास केले. नवरा-नवरी, म्हाताऱ्या, गाठोडी, सगळे भर उन्हात रस्त्यावर उभे, आणि आप्पा एकेका लॉजच्या जिन्यावरून मान हलवत खाली येताहेत. शेवटी नवरीच्या मामांचा संयम सुटला.

‘आप्पा, दर्शन कधी घ्यायचं?’

‘देवी कुठं चाललीय? ती हाय तितंच हाय,’ आप्पा शांतपणे म्हणाले. ‘खोलीच्या आत मोरी पायजे. मला बाहेरची चालत न्हाय.’

चौथा लॉज पास झाला. त्या दिवसापासून पाहुण्यांत त्यांचं नाव ‘मोरीआप्पा’ पडलं. तोंडावरही म्हणतात. आप्पा ओ देतात.

त्यांच्या पत्नी गौराक्का आळंदच्या बाजूच्या, म्हणजे कर्नाटकातल्या. ठेंगण्या, हसऱ्या, हलक्या आवाजाच्या. नवऱ्याशी भांडायचं असलं की कानडीत भांडतात आणि ‘साकु’ म्हणून भांडण संपवतात. साकु म्हणजे पुरे. लोक आप्पांना मोरीवरून चिडवत तेव्हा मात्र त्या कधी हसत नसत. खाली मान घालून हातातलं काम करत राहत.

या घराला एकच दुखणं होतं आणि ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांची मुलगी सुवर्णा लग्न होऊन डेहराडूनला गेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. दुसऱ्या वेळी तिला प्रवास करायचा नव्हता, म्हणून तिने आईला बोलावलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा बोलावलं. गौराक्का गेल्या नाहीत. कारणही नीट सांगितलं नाही. ‘आईला घराचा उंबरा सुटत नाही, मी मेले तरी सुटायचा नाही,’ असं सुवर्णा भावाला म्हणाली, आणि तेव्हापासून तिचा फोन फक्त सणाला येऊ लागला. धाकटा नातू चालायला लागला तरी आजीने त्याला फोनच्या काचेतूनच पाहिलेलं.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आप्पांनी एक जुनी मिनीबस दारात आणून उभी केली. सोलापूरहून तुळजापूरला भाविकांची ने-आण करून थकलेली गाडी. समोरच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘तुळजापूर’ लिहिलेलं.

‘आमी डेहराडूनला चाललोय,’ आप्पांनी जाहीर केलं. ‘घर घेऊन.’

मुलगा म्हणाला, ‘आप्पा, रेल्वेनं जा की.’

‘रेल्वेचा संडास मला चालत न्हाय.’

‘मग विमानानं जा.’

‘त्याहून न्हाय. पट्टा बांधून बसवतात आन लाल दिवा लागला की उठू देत न्हाईत.’

मी वही-पेन घेऊन मदतीला गेले. घर म्हटलं की काय काय लागतं याची यादी तयार होती: पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, पंखा, कपाट. आप्पांनी पुढच्या दोन सोडून बाकी सगळ्या सीटा काढून टाकल्या आणि सर्वांत आधी गाडीच्या मधोमध, खिडकीजवळची सगळ्यात चांगली जागा धरून संडास-मोरी बांधली. वर पाण्याची टाकी, खाली मैल्याची टाकी, पाइप स्वतःच्या दुकानातले, जोड स्वतःच्या हाताचे. उरलेल्या जागेत पलंग बसवला, तो इतका आखूड झाला की सहा फुटी आप्पांना पाय पोटाशी घेऊनच झोपावं लागणार होतं.

‘आप्पा, मोरी मागच्या कोपऱ्यात घ्या. पलंग हातभर वाढेल,’ मी म्हटलं.

‘मोरी पलंगाला लागूनच पायजे.’

‘आणि हा धरायचा दांडा? हा तुमच्या कमरेच्याही खाली आलाय.’

‘असू द्या,’ आप्पा म्हणाले आणि पाना फिरवत राहिले.

लांबच्या प्रवासाआधी जवळ कुठंतरी जाऊन बघा, असा मी आग्रह धरला. माकणीच्या धरणावर जायचं ठरलं. मी आणि आमचे हेही मागे पलंगावर बसून निघालो. लोहारा सोडून थोडं पुढे गेलो असू. गौराक्का पुढच्या सीटवरून अगदी हळू ‘अवो’ म्हणाल्या. लगेच आप्पांनी गाडी कडेला घेतली आणि मागे वळून मोठ्यांदा सांगितलं, ‘थांबावं लागतंय. मला जायचंय.’

आमचे हे हसले. ‘आप्पा, निघताना जाऊन आलात ना?’

‘वय झालं साहेब,’ म्हणत आप्पा खाली उतरले. पण ते मोरीत गेलेच नाहीत. गाडीच्या मागे जाऊन, गाडीकडे पाठ करून उभे राहिले आणि ज्वारीच्या शेताकडे बघत राहिले. मोरीत गौराक्का गेल्या. त्या बाहेर येऊन जागेवर बसल्या, दार वाजलं, तेव्हा आप्पा परत आले. ‘चला, हलकं वाटलं,’ असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

माकणीपर्यंत असं आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा आप्पाच उतरले आणि दोन्ही वेळा शेताकडे बघत उभे राहिले. तिसऱ्या वेळी आमचे हे हसले नाहीत.

धरणाच्या भिंतीवर मी आणि गौराक्का दोघीच बसलो. पुरुष पाण्याच्या दरवाजांची चर्चा करत लांब गेले होते. मी सरळ विचारायची सवय असलेली बाई आहे. विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर त्यांना लघवी धरवत नाही. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, औषधं झाली, व्यायाम चालू आहेत, पण जायचं वाटलं की जावंच लागतं, तिथल्या तिथं.

‘आगगाडीत रांग असली तर म्या काय करू बाई? लेकीच्या सासरच्या चार माणसांत लुगडं भिजलं तर? म्हणून ग्येले न्हाय.’

‘सुवर्णाला सांगितलं असतं तर ती समजली नसती का?’

‘असलं लेकीला सांगतात का कुनी?’ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या. ‘यांनाबी शपथ घातलीय. तवापासनं समदं सोतावर घ्येत्यात. कुनाच्या घरी ग्येलं की आधी जाऊन बघून येत्यात, आन मला ऐकू येईल असं सांगत्यात, कुठं हाय, कडी लागती का. मला कुनाला विचारावं लागू नये म्हणून. लोक हसत्यात यांना. ह्ये म्हणत्यात, हसू दे, तुला न्हाय ना हसत.’

घरी येऊन मी माझ्या यादीत प्लॅस्टिकच्या चादरी आणि दोन जादा लुगडी वाढवली. आप्पांनी ती यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच खिशात घालून ठेवली.

संक्रांत झाल्यावर ते निघाले. बरोबर ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, सुवर्णासाठी कडक भाकऱ्यांचा डबा. रोज सकाळी आप्पांचा फोन येई. सकाळी गाडी कुठंतरी बाजूला लावायची, आप्पांची लिंगपूजा होईपर्यंत चाक हलवायचं नाही, हा नियम. धुळ्याच्या पुढे एका ढाब्यावर त्यांनी पूजा आटोपल्यावर पाना काढून ढाब्याची गळकी टाकी दुरुस्त केली. ढाबेवाला नाश्त्याचे पैसे घेईना, तर आप्पा त्याच्यावरच रागावले. मध्य प्रदेशातल्या एका टोलनाक्यावर तिथल्या माणसाला कळेना, ही बस धरायची की मोटार.

‘म्या म्हणालो, घर हाय. तुमच्याकडं घराला टोल असतो का?’

‘मग?’

‘मग काय, बसचा घेतला. भांडत बसलो असतो, पण गौरा साकु म्हणाली.’

इंदूरला वेगळीच गंमत झाली. काचेवरचं ‘तुळजापूर’ वाचून तिथली एक मराठी म्हातारी सरळ गाडीत चढून बसली आणि देवीला न्या म्हणाली. देवीच्या गावाचं नाव पुसायला मन झालं नाही म्हणून आप्पांनी ते तसंच ठेवलं होतं. गाडी उलट्या दिशेला चाललीय हे तिला पटवायला दोन कप चहा लागले. उतरताना तिने गौराक्कांची ओटी भरली. फोनवर गौराक्का हसत होत्या. त्यांचा इतका मोकळा आवाज मी भिंतीपलीकडून कधी ऐकला नव्हता.

डेहराडूनला पोचल्यावर दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी सुवर्णाचाच आला, तावातावाने.

‘बाई, तुम्हीच सांगा यांना. एवढ्या लांब येऊन आईला घरात झोपू देत नाहीत. दोघं फाटकासमोर गाडीत झोपतात. आप्पा म्हणतात, मला तुझ्या घरची मोरी चालत नाही. माझ्या सासूबाईंसमोर म्हणाले. मी आज त्यांना नाही नाही ते बोलले.’

‘मग आप्पा काय म्हणाले?’

‘म्हणाले, गाडीची टाकी भरायचीय. आणि पाइप घेऊन बाहेर गेले.’

सांगून टाकावं, असं अगदी ओठावर आलं होतं. पण ती शपथ माझी नव्हती आणि ते दुखणंही माझं नव्हतं. ‘आईला विचार,’ एवढंच मी म्हणाले. ‘एकटीला बसवून विचार.’

विचारायची वेळ आली नाही. मुलीने आप्पांना भरल्या घरात घालूनपाडून बोललेलं गौराक्कांनी गाडीत बसून ऐकलं होतं. मला फोन करून सुवर्णा आत वळली, तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. त्यांनी दार लावून घेतलं आणि मुलीला सगळं सांगितलं. सुवर्णा रडली, मग उठली, आणि मोरीला लागून असलेली स्वतःची झोपायची खोली तिने आईला रिकामी करून दिली.

हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी सांगितलं. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत होते. त्यांच्या मागे झाडांचा आणि पाखरांचा आवाज येत होता.

‘मग तुम्ही कुठं आहात आप्पा?’

‘गाडीत. माय-लेकी आत हाईत. थोरला नातू आजीच्या कुशीतनं हलत न्हाय, धाकटा केस धरून बसलाय.’

‘तुम्हीही जा की आत.’

‘जाईन. जेवायला बोलावत्यात तवा जातो.’ मग ते म्हणाले, ‘आता मोठ्या पलंगावर पाय पसरून झोपा, असं जावई म्हणत होते. म्या म्हणालो, सवय ग्येलीय.’

मी भाकरी मोडायला घेतली.

‘बाई, एक विचारू का? लेकीकडं ग्येलेली आई किती राहते सहसा?’

‘महिना तरी राहते,’ मी म्हटलं. ‘इतक्या वर्षांनी गेल्यात, जास्तीही राहतील.’

‘महिना.’

‘का? दुकानाची काळजी वाटते का?’

‘न्हाय न्हाय. दुकानाचं काय. राहू द्या तिला. निवांत राहू द्या. म्या गाडी जरा सावलीला घेतो.’