वैरागडे सर आणि उंच माणसं

माणूस भेटला की वैरागडे सर आधी त्याचा चेहरा पाहत नसत, उंची पाहत. आमच्या आळीतले एक म्हातारे वारले, तेव्हा सगळे माना खाली घालून बसलो होतो. मयताचा पुतण्या कुहीहून आला आणि दारातून वाकून आत शिरला. सरांचे डोळे चमकले. हळूच त्याच्याजवळ सरकले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लय वाईट झालं गा. बास्केटबॉल खेळतो का?" पोरगा बघतच राहिला. "तेरवी झाली का ग्राउंडवर ये," सर म्हणाले आणि पुन्हा दुःखी होऊन बसले.

सर स्वतः माझ्या खांद्याला लागत, आणि मी काही ताडमाड नाही. तरुणपणी ते चेंडू असा पळवायचे म्हणे, की समोरच्याला नुसती धूळ दिसावी. पण निवड समिती त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या पोराकडे पाहायची. शेवटी पंजाबात जाऊन प्रशिक्षणाचा कोर्स केला आणि सरकारी कोच होऊन नागपुरात परतले, ते निळा ट्रॅकसूट घालूनच. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर वितळत असतानाही तोच, लग्नाच्या पंगतीतही तोच.

मी त्यांचा शेजारी, पोस्टात कारकून. ऑफिसातून येताना त्यांच्या मैदानावर टेकायचो. मातीचं कोर्ट, चुन्याच्या रेषा आणि सरांची एकच आरोळी, "गुडघे वाकव बे!" बास्केटबॉलचं सगळं शास्त्र त्यांच्या मते गुडघ्यात होतं. "ताठ राहिला तो मेला!" रेशनच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसालाही त्यांनी एकदा हे ऐकवलं होतं.

खेड्यापाड्यांतून, कामठीच्या हातमागांवरून सर उंच पोट्टे हुडकून आणत आणि घासून घासून तयार करत. पोट्टा तयार झाला की रेल्वे, पोलीस नाहीतर पोलादाचा कारखाना त्याला नोकरी देऊन घेऊन जाई. एका अंतिम सामन्यात समोरच्या संघातले पाचही जण सरांचेच चेले निघाले. सरांची पंचाईत झाली. समोरच्याने सुंदर बास्केट टाकली की हे उठून "शाब्बास!" म्हणत, मग आपल्या रडवेल्या पोरांकडे पाहून खाली बसत. दणकून हरले. परतताना म्हणाले, "भाऊ, मी कोच नाही गा. मी रोपवाटिकावाला आहो. वाढवाचं अन् दुसऱ्याच्या अंगणात लावून द्याचं."

अशात त्यांची एकुलती एक लेक कुंदा वाढू लागली. मॅट्रिकला गेली तेव्हा ती बापाच्या डोक्यावरून पाहत होती. सर तिला घेऊन नागपूरच्या महाल भागातून चालत तेव्हा देवाची पालखी निघाल्यासारखा त्यांचा चेहरा असे. सरांच्या बायको, आमच्या काकू, मात्र हवालदिल. "पोरीले आता थांबवा जी! निलगिरी आहे का ते? वाढूनच राहिली!"

कुंदा खेळायचीही फार देखणं. राज्याच्या संघात गेली. पण मुलींच्या संघातल्या एकेकीची लग्नं होत गेली, आणि आणीबाणी उठली त्या सुमारास काकूंनी भंडाऱ्याचं एक स्थळ घरी बोलावलं. मुलगा शिक्षक, अंगानं बेताचा. शेजारधर्म म्हणून मीही बसलो होतो. कुंदा पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि मी चपापलो. ती चक्क सर्वांएवढी दिसत होती! काकूंनी तिला बजावलं होतं, साडीच्या आत गुडघे वाकवून चाल. आणि ती चालत होती, बापानं शिकवलं होतं तसं, ट्रेमधली एक बशी न हलू देता.

"मुलीची उंची किती?" मुलाच्या मामांनी विचारलं.

काकू काहीतरी बोलणार, तेवढ्यात सर म्हणाले, "कुंदा, सरळ उभी राय."

"अवो..." काकू कळवळल्या.

"सरळ उभी राय, बेटा."

ती उभी राहिली. मामांची मान तिच्याबरोबर वर वर गेली. पोहे संपवून मंडळी "कळवतो" म्हणाली, आणि कळवलं नाही. पुढं कुणी आलंही नाही. काकूंनी सरांशी बोलणं टाकलं. मीठ हवं तर भिंतीला सांगत.

कुंदालाही मग रेल्वेनं नेलं, दूर बिलासपूरला. पहिल्याच मोसमात एका सामन्यात उडी मारून ती उतरली आणि गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, पण पाय सरळ झाला नाही. नोकरी टिकली, टेबलावरची. काकू तिच्याकडे गेल्या त्या तिथल्याच झाल्या. सर मैदानावर येत राहिले, पण गुडघ्याचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. पोट्टे ताठ उभे राहून खेळत आणि हरत. सर नुसते पाहत.

निवृत्त झाल्यावर ते स्टोव्हवर एकट्यापुरता भात लावत. अर्धा आमच्या गायीला. एकदा माझ्या बायकोनं आमटी पाठवली, ती देताना मी म्हटलं, "सर, कुंदा एवढं बोलावते. काहून जात नाही तुम्ही?"

"गेलतो ना गा. दिवाळीत."

"मग?"

त्यांनी वाटी घेतली, झाकली, बाजूला ठेवली.

"मी असलो का पोरगी लंगडत नाही," ते म्हणाले. "दातओठ आवळून घरभर नीट चालते. पाणी आणून देते, चहा आणून देते. मी लवकर झोपाचं सोंग घेत होतो, का तेवढंच तिनं बसावं. लय दुखत असंन तिले. आता नाही जात."