काठी, भिंतीला टेकलेली

आधुनिक कला संग्रहालयाचे संचालक त्या दिवशी जेवणाचा डबा घरी विसरले. म्हणून त्यांचे थकलेले वडील काठी टेकत टेकत तो घेऊन आले. मोठ्या दालनात घटकाभर बसले आणि जाताना मुलाच्या खांद्याला धरून थेट गाडीत जाऊन बसले. काठी भिंतीला टेकलेली तशीच राहिली. इथवर कुणाचं काही चुकलेलं नाही.

संचालक परत दालनात येतात तर काय, निवड समिती हजर. संचालकांना नोकरीत कायम करायचं की नारळ द्यायचा, हे याच समितीच्या हातात. अध्यक्षबाई काठीपुढे थांबल्या होत्या. तळाचं रबर झिजलेलं, मुठीला जुन्या पायजम्याची नाडी गुंडाळलेली.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

'आमच्या बाबांचं' म्हटलं असतं की मिटलं असतं. पण एखादी साधी गोष्ट चारचौघांत साधी म्हणायला संचालकांची जीभच रेटत नसे.

"एका ज्येष्ठ कलावंताचं," ते म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना स्वतःचीच कीव आली. पण जीभ एकदा सुटली ती सुटलीच. आधाराची अनुपस्थिती, म्हणाले. रबरावर काळाचा दाब आहे, म्हणाले. नाडीविषयी तर असे काही बोलले, की अध्यक्षबाईंचे डोळे पाणावले.

झालं. संध्याकाळपर्यंत काठीभोवती दोरी आली, शेजारी पाटी आली आणि काठी संग्रहालयाच्या कायम मालमत्तेत जमा झाली. संचालक मात्र अजून तात्पुरतेच होते.

घरी बाबा भिंत धरधरून चालू लागले. संचालकांनी नवी काठी आणली, ती उंच पडली. कापून आणली, ती आखूड झाली. बाबा रोज आपली सवयीची काठी मागत आणि संचालक रोज 'उद्या' म्हणत. आपण किती हलकट आहोत हे त्यांना पुरतं कळत होतं. कळूनही रात्री गाढ झोप लागते, याची तर त्यांना फारच लाज वाटे.

शेवटी त्यांनी धीर करून, सदर काठी काही काळ बाहेर देण्यात यावी, असा प्रस्ताव मांडला. समितीने सखोल विचार केला. कलाकृती हलवल्यास तिचं भिंतीशी असलेलं नातं बिघडेल, सबब प्रस्ताव अमान्य. मात्र कलावंतास ती पाहण्यासाठी विनामूल्य प्रवेश द्यावा, एवढं औदार्य समितीने दाखवलं.

तेव्हा कुठे संचालकांनी बाबांना खरं काय ते सांगितलं. बाबा रागावले नाहीत. तू नोकरी सांभाळ, मी नुसती बघून येतो, म्हणाले.

आणि आले. एकटेच, भिंतीच्या कडेकडेने. दालनात रसिकांची दाटी होती. काठी दिसताच त्यांचा चेहरा खुलला आणि सवयीने हात दोरीपलीकडे गेला. हात लावू नये, असं पहारेकऱ्याने अदबीने सांगितलं. बाबांनी ओशाळून हात मागे घेतला, तोल गेला आणि ते जमिनीवर कोसळले.

रसिक गोल करून उभे राहिले. उचलायला कुणी वाकलं नाही. हा कलाकृतीचाच भाग असला आणि आपण मध्येच लुडबुड केली, तर अडाणी ठरू, अशी ज्याला त्याला धास्ती. गर्दीत संचालकांशेजारी उभ्या असलेल्या अध्यक्षबाई भारावून गेल्या होत्या.

"विलक्षण! तुम्हाला कायम करायला आता काहीच हरकत नाही," त्या संचालकांना म्हणाल्या. "पण हे कोण?"

संचालकांनी तोंड उघडलं. 'बाबा' हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडकला. मुलाचा पांढराफटक चेहरा बाबांनी खालूनच पाहिला.

"मी कलावंत," ते म्हणाले. "यांची माझी ओळख नाही."

टाळ्या थांबेचनात. संचालकही वाजवत होते, कारण सगळे वाजवत होते. आणि वाचकहो, म्हातारा अजून खालीच पडलेला आहे, आणि तुम्ही मात्र लेखकाला यातून नेमकं काय सुचवायचं असेल, याचा विचार करताय.